२९० किलोमीटरवर कोण राहतं?

एप्रिल २०२२च्या अखेरीस धुळे पोलिसांनी मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीरजवळ एक स्कॉर्पिओ अडवली. गाडीत ८९ तलवारी आणि एक खंजीर निघाला. माल राजस्थानातल्या चित्तोडगडहून निघाला होता आणि येणार होता जालन्याला. पकडलेले चौघंही आपल्याच जालन्याचे. त्यांच्या मनात काय होतं ते न्यायालय ठरवील. पण तलवारीला आपल्याकडं गिऱ्हाईक आहे, हे सांगायला न्यायालय कशाला हवं? ते आपण रोज मोबाईलवर बघतो.

परतूर तालुक्यातलं आमचं आष्टी घ्या, मंठा घ्या, अंबड घ्या, नाहीतर महाराष्ट्रातलं कुठलंही गाव घ्या. भाऊचा वाढदिवस असतो. चौकात बॅनर, डीजे, दुचाकीच्या सीटवर ओळीनं मांडलेले केक आणि भाऊच्या हातात तलवार. केक कापला जातो, व्हिडिओ स्टेटसला जातो, दुसऱ्या दिवशी पोलीस दारात येतात आणि तिसऱ्या दिवशी भाऊचा हात जोडून माफी मागणारा व्हिडिओ येतो. बाप ठाण्याबाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला जामीनदार शोधायचा असतो आणि सोयाबीन काढणीला आलेलं असतं.

हा भाऊ बहुतेक वेळा गुंड नसतो, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पदवी असते, नोकरी नसते, लग्न जुळत नसतं. हातात तलवार आली की चार मिनिटं सगळे त्याच्याकडं बघतात. त्याला तेवढंच हवं असतं. आपण त्याच्यावर गुन्हा दाखल करून मोकळे होतो. त्याला तलवार सोडून दुसरं काहीच का मिळालं नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

शस्त्र कायदा १९५९चा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारावर कायद्याचं बंधन आहे आणि शेतीच्या, घरकामाच्या अवजारांना त्यातून सूट आहे. म्हणजे कायदा नुसती धार बघत नाही, ती कशासाठी लावली आहे ते बघतो. आमच्या घराघरात विळा आहे, कुऱ्हाड आहे, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या घरात कोयता आहे. खंडेनवमीला हे सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. त्या पूजेत मला कधी काही खटकलं नाही. वर्षभर ज्यानं पोट भरलं त्याला एक दिवस हात जोडायचे, हे साधं आहे आणि खरं आहे. तोच कोयता पुण्याच्या रस्त्यावर लोकांच्या गाड्या फोडत, माणसांवर वार करत फिरतो तेव्हा अवजार तेच असतं, फक्त ते ऊस सोडून माणसाकडं वळलेलं असतं.

पण मला आज तलवारीपेक्षा मोठ्या हत्यारांबद्दल बोलायचं आहे. तोफा, रणगाडे, क्षेपणास्त्रं. त्यांची ओढ आपल्या सगळ्यांना आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. २६ जानेवारीला कर्तव्यपथावरून पिनाकाची गाडी निघते तेव्हा मीही टीव्हीपुढून उठत नाही. पिनाका पुण्याच्या प्रयोगशाळेत घडलं, याचा अभिमान मला आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलेला माणूस रणगाड्याच्या पोलादावर हात ठेवल्याशिवाय बाहेर येत नाही. माणसाच्या बुद्धीनं बनवलेली नेटकी, ताकदवान वस्तू बघितली की मन तिथं थांबतंच. अडचण त्याच्या पुढं सुरू होते.

आष्टीच्या रस्त्यावर पहाटे पाचला भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे असतात. २०२२ला अग्निपथ योजना आली आणि नोकरी चार वर्षांची झाली. चार वर्षांनंतर चारातल्या एकालाच पुढं ठेवणार, तरी पळणारी पोरं कमी झाली नाहीत. कपाशीला भाव नाही, जमिनीचे वाटे पडत पडत दोन एकरांवर आले, मग करायचं काय? या पोरांतला एकजण मला सांगत होता ब्राह्मोस क्षेपणास्त्राबद्दल. त्याला सगळं पाठ.

“काका, आवाजाच्या तिप्पट पळतंय. रडारला घावायच्या आत काम खल्लास.”

“आणि पल्ला?”

“आधी २९० किलोमीटर होता. आता वाढवलाय, ४५०च्या वर.”

“जुनाच धर. आष्टीपासून सरळ रेघ मारली तर २९० किलोमीटरमध्ये काय काय येतं?”

त्यानं मोबाईलवर नकाशा उघडला. बोट फिरवत पश्चिमेकडं गेला. “पुणं येतंय की.”

“पुण्यात तुझं कोण असतं?”

“ताई आन् दाजी. चाकणला. दाजी कंपनीत हाईत.”

मग थोडा वेळ तो बोलला नाही. क्षेपणास्त्राच्या टोकाला २०० ते ३०० किलोचा स्फोटक भाग असतो हेही त्याला माहीत होतं. आपल्या मापात दोन-तीन क्विंटल. तो म्हणाला, “पण ते आपल्यावर थोडंच सोडणारेत, काका?”

“नाही. पण ज्या गावावर पडतं तिथंही कुणाची ताई असते.”

“मग त्यांनी पहलगामला येऊन मारलं ते?”

त्याचा प्रश्न बरोबर होता आणि मी तो टाळणार नाही. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यातले सहाजण महाराष्ट्राचे होते. डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. फिरायला गेलेली माणसं. अशा वेळी देशाकडं क्षेपणास्त्र नसावं असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. हात बांधून बसलेल्या देशाला कोणी सोडत नाही. पण त्यानंतरच्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत, ७ ते १० मेपर्यंत, आपल्या गावागावात जे चाललं होतं ते आठवा. नकाशे, बाण, खेळातल्या गाण्यांवर लावलेले स्फोटांचे व्हिडिओ, “अजून एक टाका”चे संदेश. त्याच दिवसांत सीमेवरच्या पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात आपलीच माणसं मरत होती, त्यांत शाळेत जाणारी मुलं होती. आमच्या आष्टीच्या किती व्हॉट्सॲप गटांवर त्या मुलांबद्दल एक ओळ आली? तोफगोळा पूंछच्या घरावर पडतो तेव्हा कसा आवाज येतो, पोरं कुठं लपवतात, हे ज्या बाईला माहीत आहे तिनं “अजून एक टाका” असं कुठल्या गटावर लिहिलं असेल असं मला वाटत नाही. जिथं गोळे पडत नाहीत तिथंच हा जोर असतो. आष्टीत गोळे पडत नाहीत.

आष्टी नावाची गावं महाराष्ट्रात बरीच. सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीजवळ २० फेब्रुवारी १८१८ला बापू गोखले लढता लढता पडले आणि पेशवाईचा शेवट जवळ आला. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ला लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, माणसं पडली आणि चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मेले. आमच्या आष्टीच्या नावावर यातलं काही नाही. गावातली पोरं हळहळतात, “आपल्या आष्टीत काहीच झालं नाही.” गावात लढाई झाली नाही याची हळहळ! ज्यांच्या शिवारात लढाई झाली त्यांना विचारा. लांब जायला नको, ते शिवार आपल्याच जिल्ह्यात आहे.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ला इथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीचा आर्थर वेलस्ली लढला. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच वेलिंग्टन, त्या दिवशी चौतिसाव्या वर्षी. शिंद्यांचे कवायती कंपू पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होते. शिंद्यांच्या मदतीला बेगम समरूच्या पलटणी होत्या. आणि शंभरच्या आसपास तोफा होत्या.

या तोफांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं मराठ्यांचं नाव घेतलं की घोडा आणि भाला एवढंच डोळ्यांपुढं येतं. महादजी शिंद्यांनी द बॉयन हा युरोपीय सेनानी पदरी ठेवून कवायती फौज उभी केली आणि आग्र्याला स्वतःचा तोफांचा कारखाना चालवला. तिथल्या पितळी तोफा युरोपातल्या तोफांच्या तोडीच्या होत्या. लढाईनंतर त्या हाती आल्या तेव्हा शत्रूनंच त्यांची तारीफ केली. गोलंदाज इथलेच, शिकून तयार झालेले. म्हणजे आज ज्याला आपण तंत्रज्ञान म्हणतो त्यात ही फौज कुणाच्या मागं नव्हती. हे कळलं की छाती फुगते. माझीही फुगते.

आता त्या तोफांनी काय केलं ते बघा. वेलस्लीला नदीचा उतार कुठं आहे हे सांगणारं कोणी नव्हतं. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली, त्यावरून त्यानं ताडलं की इथं उतार असणारच. फौज पाण्यात उतरली आणि शिंद्यांच्या तोफांनी नेमका तोच उतार धरला. एका गोळ्यानं वेलस्लीच्या शेजारच्या घोडेस्वाराचं डोकं उडवलं. डोकं गेलं तरी धड खोगिरावरच राहिलं. खोगिराला बांधलेल्या सामानात ते अडकलं होतं, त्यामुळं ते खाली पडेना. पाठीवर ते धड घेऊन घोडा बिथरला आणि आजूबाजूच्या माणसांत घुसत राहिला, शेवटी कसंबसं ते खाली आलं.

त्या स्वाराचं घर कुठलं होतं, त्याच्यामागं कोण होतं, याचा शोध घेण्याइतका वेळ त्या दिवशी कोणाकडं नव्हता. लढाई पुढं सरकली. जवळ आलेल्या फौजेवर तोफांतून अखंड गोळा सोडत नाहीत. पत्र्याच्या डब्यात छर्रे भरून तो डबा सोडतात. तोफेच्या तोंडाबाहेर येताच डबा फुटतो आणि छर्रे पसरतात. समोरची माणसं ओळीनं कोसळतात. स्कॉटलंडची ७४वी पलटण वाट चुकून असई गावाच्या बाजूला गेली आणि या माऱ्यात सापडली. पाचशेच्या आसपास माणसं होती, त्यातली चारशेच्या जवळपास मेली किंवा जखमी झाली.

आणि आपले गोलंदाज? कंपनीची पलटण तोफांपर्यंत पोहोचली तेव्हा ते पळाले नाहीत. तोफेपाशीच उभे राहिले आणि संगिनींनी मारले गेले. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. पलटण पुढं निघून गेली तशी उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला. वेलस्लीला पुन्हा उलटं येऊन त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. इतकं धैर्य क्वचित पाहायला मिळतं. पण हे धैर्य दाखवणारा माणूस आधी आपल्या सोबत्याच्या रक्तात पालथा पडून राहिला होता, शेजारी संगिनी खुपसताना ऐकत होता, हेही त्याच गोष्टीत येतं. दौलतराव आणि रघुजी दोघंही रणांगण सोडून गेले होते. गोलंदाज थांबले.

संध्याकाळपर्यंत ९८ तोफा कंपनीच्या हाती लागल्या. कंपनीच्या बाजूचे ४२८ मेले, अकराशेवर जखमी झाले. मराठ्यांचे सुमारे १,२०० जण रणांगणातच पडले होते, जखमी धरून आकडा सहा हजारांपर्यंत सांगतात. कंपनीच्या बाजूनं मेलेल्यांतले बरेचसे मद्रासकडचे हिंदी शिपाईच होते, हे आपण सोयीनं विसरतो. भारताच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आजही असईचा हत्ती आहे. जखमींसाठी अजिंठ्याला इस्पितळ उघडलं. जिंकलेला वेलस्ली त्या रात्री झोपेतून पुन्हा पुन्हा दचकून उठत होता, आपले सगळे सोबती मेले असं त्याला वाटत होतं, अशी हकिकत आहे. आयुष्यभर त्यानं असई हीच आपली सर्वांत मोठी कामगिरी मानली आणि तीच त्याला सगळ्यांत रक्तरंजित वाटली. इंग्रज अधिकाऱ्यांची नावनिशी छापली गेली. तोफेला चिकटून मेलेल्या गोलंदाजाला नाव नाही.

आमच्या शाळांच्या सहली देवगिरी किल्ल्यावर जातात. मेंढा तोफेवर हात ठेवून फोटो होतात. अंधारीत वाटाड्या दिवा मालवतो आणि शत्रू इथं कसा ठेचाळायचा, कुठून खाली पडायचा, वरून उकळतं तेल कसं यायचं ते रंगवून सांगतो. मुलं आनंदानं किंचाळतात. किंचाळू द्या, वय ते आहे. पण बाहेर उजेडात आल्यावर एखाद्या बाईंनी, एखाद्या सरांनी विचारावं की नाही, “उकळतं तेल अंगावर पडलेला माणूस किती वेळ जगत असेल रे? त्याला पाणी कोण देत असेल?” घरात चुलीवरचं दूध अंगावर सांडलेलं मूल प्रत्येक वर्गात एखादं तरी असतंच. त्याला लगेच कळेल.

सप्टेंबर १९४८मध्ये या भागातल्या लोकांनी रणगाडे स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. १३ तारखेला निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारताची कारवाई सुरू झाली, पहिल्या काही दिवसांतच भारतीय फौज रणगाड्यांसह जालन्यात होती आणि १७ला निजाम शरण आला. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या बंदुकांखाली दिवस काढलेल्या माझ्या मराठवाड्याला त्या रणगाड्यांनी सोडवलं. तिथं मी असतो तर रणगाड्याला हार घातला असता. आजही १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला उभं राहताना मनात तीच भावना असते. पण त्या आठवड्यानंतर जे झालं तेही माझ्याच मराठवाड्यात झालं. रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली मुसलमान माणसं गावोगाव मारली गेली. नेहरूंनी नेमलेल्या सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज किमान २७ हजार आणि ४० हजारांपर्यंत दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे. अहवाल कित्येक वर्षं बासनात राहिला. काही ठिकाणी लष्करानं लोकांना वाचवलं, काही ठिकाणी गणवेशातली माणसंच लुटीत आणि कत्तलीत होती, असंही त्यात आहे. हे लिहिलं की काही वाचक चिडतात, मला ठाऊक आहे. चिडा. मुक्तीचा अभिमान माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, म्हणूनच मला हे लिहिता येतं. बंदूक एकदा हातात आली की समोरचा रझाकार आहे की शिंपी, हे बंदुकीला कळत नाही. ते कळायची जबाबदारी ती धरणाऱ्याची.

आणखी एक माणूस आपल्या या सगळ्या कौतुकात कुठंच नसतो. तो हत्यार बनवतो, साठवतो, निकामी करतो. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून आहे. भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, भद्रावती, देहूरोड अशी मोठी मालिका आहे. २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर कारखान्यात स्फोट झाला, इमारतीचा स्लॅब खाली आला, ८ कामगार गेले. ३१ मे २०१६ला वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडाराला पहाटेपूर्वी आग लागली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान गेले, दोन लष्करी अधिकारी गेले. नोव्हेंबर २०१८मध्ये तिथंच जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन ६ जण मेले. त्यांत आसपासच्या गावांतले, रोजानं खोकी उचलायला आणि खड्डे खणायला आलेले मजूर होते. त्या कामाची रोजची मजुरी शेतमजुरीहून थोडी बरी असते, म्हणून माणूस जातो. हे कोणत्याही देशाशी लढत नव्हते. त्यांच्या नावानं कुठल्या चौकात बॅनर लागला? ब्राह्मोसचा व्हिडिओ एका दिवसात लाखो लोक बघतात. पुलगावच्या त्या मजुरांची बातमी चौथ्या दिवशी कुठं होती?

हत्यारं परत आणण्याचंही एक वारं सध्या आहे. जुलै २०२४मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली. पुढच्या वर्षी राज्य सरकारनं पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजारांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोहोचली. आपली वस्तू आपल्याकडं आली, बरं झालं. लोकांनी रांगा लावून बघावं. पण काचेपलीकडं बघताना पाटीवर पातं कुठलं, मूठ कुठली, कोरलेली अक्षरं कोणती एवढंच का असावं? ही तलवार ज्या मोहिमांत फिरली त्यांत कुठली गावं जळली, कोणाची पिकं घोड्यांनी तुडवली, तेही त्याच पाटीवर लिहिता येतं. नागपूरकरांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या तिकडच्या आया अजून अंगाईत पोरांना सांगतात. हे लिहिलं म्हणून रघुजी लहान होत नाहीत आणि तलवार गंजत नाही.

गणपतीत देखावा करायचाच असेल तर क्षेपणास्त्राचा करा, मला हरकत नाही. त्याच मंडपात भंडाऱ्याच्या आठ कामगारांसाठीही एक फळी लावा. बुलढाणा जिल्ह्यातल्या, आपल्या शेजारच्याच, त्या अग्निवीराबद्दल लिहा, जो ऑक्टोबर २०२३मध्ये सियाचीनच्या थंडीत गेला. त्याला शत्रूची गोळी लागली नव्हती. मंडळातल्या भरतीवाल्या पोरांना हे वाचू द्या. पळणं ती सोडणार नाहीत, सोडूही नयेत, पण कुठं निघालो आहोत हे तरी कळेल.

आणि देवगिरीला जाणाऱ्या बसेसपैकी एक तरी दरवर्षी २३ सप्टेंबरला असईला न्या. आष्टीहून लांब पडतं, पहाटे निघावं लागेल. जिल्हा परिषदेनं डिझेल द्यावं, पंचायत समितीनं जेवणाचं बघावं, इतिहासाच्या शिक्षकांनी आधी एक दिवस स्वतः जाऊन यावं. केळणेच्या काठावर मुलांना उभं करून सांगा, तोफा या बाजूला होत्या, इतक्या होत्या, इतक्या लांब मारत होत्या, आणि त्या काळात जगात कुठंही उत्तम ठरल्या असत्या. मन भरून सांगा, त्यांनाही अभिमान वाटू द्या. मग त्या डोकं उडालेल्या स्वाराचं सांगा, आणि मेल्याचं सोंग घेऊन सोबत्याच्या रक्तात पडलेल्या त्या गोलंदाजाचं सांगा. तेवढंच वजन देऊन, तेवढाच वेळ देऊन. पोरं प्रश्न विचारतील, उत्तरं अवघड असतील, तरी टाळू नका. पहिल्या बसमध्ये पहाटे पळणारी ती भरतीची पोरं बसवा. हत्यार त्यांच्याच हातात येणार आहे.